फिल्म कोरी निघाली, तर आधी कडेकडे बघा

आज आपण घरच्या घरी फिल्म धुण्याबद्दल बोलणार आहोत. मोबाईलच्या जमान्यात हे कशाला, असं कुणीही विचारेल. पण मोबाईल पाण्यात पडला की त्यातले फोटो गेले. जुन्या स्टुडिओत काढलेला आजीचा काळा-पांढरा फोटो मात्र अजून भिंतीवर आहे.

आमच्या वैरागच्या गटात एका ताईंच्या सासऱ्यांचा फोटो स्टुडिओ होता. त्यांचा लाकडी हाफ प्लेट कॅमेरा कितीतरी वर्षं माळ्यावर पडून होता. तिवईवर उभा करायचा, मागे काळं कापड डोक्यावर घेऊन बघायचं, असा तो कॅमेरा. पुढे भिंग, मागे काच आणि मध्ये लोहाराकडे असतो तसा घडीचा भाता. गटाने तो खाली काढला, पुसला, आणि मागणीप्रमाणे माणसांचे फोटो काढायला सुरुवात केली. पण फोटो काढणं हे अर्धंच काम. खरी परीक्षा फिल्म धुताना होते. तिथे काही बिघडलं तर फिल्म जाते, गटाचे पैसे जातात, आणि समोर बसलेल्या माणसाला पुन्हा बोलवायची वेळ येते. म्हणून काय बिघडलं हे कसं ओळखायचं, ते आज बघू.

हे काम बायकांना नवं नाही

आपल्या महाराष्ट्रात हे काम एका बाईने घरातच केलेलं आहे. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईत गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात लागला. त्याच्या आदल्या वर्षी दादरला फाळक्यांच्या घरात फिल्मचं काम सुरू झालं होतं. कोऱ्या फिल्मच्या कडेला भोकं पाडणं, रसायनं कालवणं, अंधारात फिल्म धुणं ही कामं त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई शिकल्या आणि त्यांनी ती केली. चित्रीकरणात उजेड पाडायला पांढरी चादर धरून उन्हात उभ्या राहिल्या, आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही त्यांनीच सांभाळला. ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ हा २००९ चा सिनेमा तुमच्यापैकी काहींनी टीव्हीवर पाहिला असेल, त्यात हे घर दिसतं.

सरस्वतीबाईंची फिल्म अरुंद पट्टीची होती, आपली हाताच्या पंजाएवढी सुटी शीट आहे. पण धुण्याची रीत तीच, आणि बिघाडही तेच.

चार घमेली आणि एक दोरी

आधी रीत नीट समजून घेऊ, कारण बिघाड शोधायचा म्हणजे या रीतीत आपण कुठे चुकलो ते शोधायचं.

पहिल्या ट्रेमध्ये डेव्हलपर. फिल्मवर चांदीच्या क्षाराचा थर असतो. ज्या कणांना उजेड लागला, त्यांची डेव्हलपर काळी चांदी करतो. दुसऱ्या ट्रेमध्ये साधं पाणी किंवा पांढऱ्या व्हिनेगरचं पातळ पाणी, एक भाग व्हिनेगरला दोन भाग पाणी. त्याने डेव्हलपरचं काम थांबतं. तिसऱ्यात फिक्सर, ज्याला स्टुडिओवाले हायपो म्हणतात. ज्या कणांना उजेड लागला नाही, ते हायपो विरघळवून काढतो. चौथ्यात स्वच्छ पाणी. त्यानंतर फिल्म चिमट्याने दोरीवर वाळत घालायची.

अंधारात ट्रे ओळखू यावेत म्हणून आम्ही काठाला सुतळी बांधतो. डेव्हलपरला एक गाठ, पाण्याला दोन, हायपोला तीन. ट्रे नेहमी डावीकडून उजवीकडे याच क्रमाने ठेवायचे. जागा कधीही बदलायची नाही.

फिल्म दोन जातींची असते. एक सगळे रंग ओळखणारी. तिला पूर्ण काळोख लागतो, लाल दिवाही चालत नाही. दुसरी लाल रंग न ओळखणारी. ती मंद लाल दिव्यात हाताळता येते. सरस्वतीबाईंच्या काळच्या फिल्म याच जातीच्या होत्या. दवाखान्यातली एक्स-रे फिल्मही लाल रंग ओळखत नाही. ती स्वस्त पडते, म्हणून शिकताना आम्ही तीच वापरतो. ८ × १० इंचाच्या एका शीटमधून हाफ प्लेटचे, म्हणजे ४¾ × ६½ इंचाचे दोन तुकडे निघतात, आणि उरलेल्या पट्ट्या चाचणीला उपयोगी पडतात.

धुतलेली फिल्म वाचायची कशी?

फिल्म वाळली की खिडकीसमोर धरा आणि आधी चेहऱ्याकडे न बघता कडेकडे बघा. होल्डरच्या पट्टीखाली फिल्मची थोडीशी कड झाकलेली असते. कॅमेऱ्यात तिला उजेड लागत नाही, म्हणून धुतल्यावर ती काचेसारखी नितळ निघायला हवी. ही कडच आपली साक्षीदार.

कड नितळ आहे, पण चित्रावर धूसर पडदा आहे, तर उजेड कॅमेऱ्यातून शिरला. भात्याला भोक असेल. रात्री खोली काळोखी करून पेटती बॅटरी भात्याच्या आत धरा आणि बाहेरून बघा. सुईच्या टोकाएवढं भोकही ताऱ्यासारखं चमकतं. काळी चिकटपट्टी लावली की काम झालं.

कडही काळवंडली आहे, तर उजेड कॅमेऱ्याबाहेर लागला. म्हणजे डार्करूममध्ये, होल्डर भरताना किंवा डबा उघडताना. फिल्म फार जुनी असेल किंवा उन्हाळाभर पत्र्याच्या खोलीत पडून असेल, तरी असंच होतं.

डार्करूम तपासायची असेल तर आत बसून दार लावा आणि दहा मिनिटं काही करू नका. डोळे काळोखाला सरावले की फटी आपोआप दिसतात. दाराखाली गोधडी सारा. पत्र्याच्या खिळ्यांची भोकं दिवसा उजेड आत सोडतात, म्हणून रात्रीच काम केलेलं बरं. चार्जरचा आणि इन्व्हर्टरचा बारीक दिवा झाका, मोबाईल बाहेर ठेवा.

लाल दिवा खरंच चालतो का, यासाठी नाण्याची चाचणी. कोऱ्या पट्टीवर एक रुपयाचं नाणं ठेवा, लाल दिव्यात पाच मिनिटं राहू द्या, मग पट्टी धुवा. नाण्याचा गोल उमटला, तर दिवा चालत नाही. तो लांब ठेवा किंवा आणखी गडद घ्या.

फिल्म पूर्ण कोरी निघाली

हा बिघाड बघून सगळ्यांचाच जीव खाली-वर होतो. कारणं तीन असू शकतात. कॅमेऱ्यात फिल्मला उजेडच लागला नाही, म्हणजे होल्डरची स्लाइड ओढायची राहिली किंवा भिंगाचं झाकण निघालंच नाही. किंवा डेव्हलपर मेलेला होता. किंवा फिल्म आधी हायपोत गेली.

यातलं कोणतं, ते दोन मिनिटांत कळतं. उरलेल्या फिल्मची एक पट्टी खोलीच्या उजेडात आणा आणि डेव्हलपरमध्ये बुडवा. ती एक-दोन मिनिटांत काळी पडली, तर डेव्हलपर जिवंत आहे आणि चूक कॅमेऱ्याजवळ किंवा ट्रेच्या क्रमात झाली. काळी पडली नाही, तर डेव्हलपर फेकायचा. आम्ही ही चाचणी आता काम सुरू करण्याआधीच करतो. त्यात नखाएवढी फिल्म जाते आणि माणसाचा फोटो वाचतो.

डेव्हलपर मरतो तो हवेने. ताजा असतो तेव्हा पाण्यासारखा दिसतो, चहासारखा झाला की संपला. बाटली गळ्यापर्यंत भरलेली हवी. अर्धी झाली की स्वच्छ धुतलेल्या काचेच्या गोट्या आत सोडायच्या, म्हणजे द्रावण वर येतं आणि हवेला जागा उरत नाही. पोरांच्या गोट्या इथे कामाला येतात.

काही जणी डी-७६ नावाचा जुना, नावाजलेला डेव्हलपर सुटी रसायनं आणून घरी बनवतात. त्यात मेटॉल, हायड्रोक्विनोन, सोडियम सल्फाइट आणि आपला टाकणखार असतो. दुकानात मागताना ‘सल्फाइट’ हा शब्द चिठ्ठीवर स्पष्ट लिहून द्या. ‘सल्फेट’ ही वेगळी वस्तू आहे. एका अक्षराने सगळा डेव्हलपर वाया जातो.

चित्र आहे, पण फिकं किंवा फार काळं

निगेटिव्हमध्ये सगळं उलट दिसतं. पांढरं पातळ काळं आणि काळे केस नितळ. म्हणून केसांच्या आणि साडीच्या गडद भागाकडे बघा. तिथे काहीच तपशील नाही, नुसती काच आहे, तर फोटो काढतानाच उजेड कमी पडला. धुण्यात जास्त वेळ ठेवून तो तपशील येत नाही. जे उमटलंच नाही, ते धुऊन कुठून येणार?

गडद भागात तपशील आहे, पण सगळं चित्र मळकट, दम नसलेलं आहे, तर धुणं कमी झालं. वेळ कमी दिला, द्रावण थंड होतं किंवा थकलेलं होतं. उलट पातळाचा आणि टोपीचा भाग इतका काळा की त्यातून खिडकीही दिसत नाही, तर धुणं जास्त झालं.

एक गोष्ट बिघाड नाही, ती ओळखून ठेवा. एक्स-रे फिल्मला लाल रंग दिसत नाही, म्हणून फोटोत कुंकू काळं येतं, ओठ गडद येतात आणि लाल पातळ जवळजवळ काळं दिसतं. बायका घाबरतात, धुणारीला बोल लावतात. फिल्मचा तो स्वभावच आहे. फोटोला बसण्याआधीच हे सांगून ठेवलं की तक्रार येत नाही.

डाग, पट्टे, ओरखडे

*दुधाळ ठिपके किंवा पांढुरका थर.* हायपोचं काम अपुरं राहिलं. हा बिघाड दुरुस्त होतो, हे पक्कं लक्षात ठेवा. आमच्या गटात एका आजींचा फोटो असा दुधाळ निघाला होता. धुणारी मुलगी नवीन होती. बैठकीत चार जणी तिला बोलल्या, ती पुढच्या बैठकीला आलीच नाही. फिल्म टाकून द्यायच्या बेतात होती. दोन दिवसांनी तीच फिल्म ताज्या हायपोत दहा मिनिटं ठेवली, तर आजींचा चेहरा सुरकुत्यांसकट लख्ख निघाला. आजी आता नाहीत. त्यांच्या घरी हाच एक मोठा फोटो आहे. आणि थकलेला हायपो त्या मुलीने केलेलाच नव्हता, तो आधीपासून बाटलीत होता.

हायपो तपासायची रीतही पट्टीचीच. न धुतलेली पट्टी उजेडातच हायपोत टाका आणि ती दुधाळची नितळ व्हायला किती वेळ लागतो ते मोजा. त्याच्या दुप्पट वेळ फिल्म हायपोत ठेवायची. ताज्या हायपोला लागत होता त्याच्या दुप्पट वेळ नितळ व्हायलाच लागू लागला, की तो हायपो बाद.

*लहान गोल नितळ ठिपके.* डेव्हलपरमध्ये हवेचे बुडबुडे चिकटले. फिल्म आधी एक-दोन मिनिटं साध्या पाण्यात भिजवावी आणि डेव्हलपरमध्ये गेल्यावर ट्रे हलकेच आपटावा. टाचणीच्या टोकाएवढे वेडेवाकडे ठिपके असतील, तर ती धूळ. होल्डर भरण्याआधी पुसला नव्हता.

*पट्टे आणि ढगासारखे डाग.* ट्रे हलवण्यात सारखेपणा नव्हता. सुपात धान्य पाखडतो तसा नाही, पाळण्यासारखा संथ हलवा, आणि दिशा बदलत राहा. फिल्म द्रावणात एका दमात, पूर्ण बुडाली पाहिजे.

*ओरखडे.* एक्स-रे फिल्मला दोन्ही बाजूंनी थर असतो आणि ओला थर सायीइतका नाजूक. ट्रेचा तळ खडबडीत असेल तर खाली काच ठेवा. एका वेळी एकच शीट धुवा. दोन एकत्र टाकल्या की एकीचा कोपरा दुसरीला ओरबाडतो, किंवा दोघी चिकटून मध्ये न धुतलेला पट्टा राहतो. साध्या शीट फिल्मला एकाच बाजूला थर असतो. तिच्या कडेला कापलेली खाच उजव्या हाताला वरच्या कोपऱ्यात आली, की थर आपल्याकडे आहे असं समजायचं.

*मध्यभागच अस्पष्ट.* कॅमेऱ्याचे जुने होल्डर काचेच्या जाड प्लेटसाठी बनवलेले असतात. पातळ फिल्म त्यात फुगते. मागे काळा पुठ्ठा बसवून ती सपाट करावी.

आपलं ऊन आणि आपलं पाणी

पुस्तकांतल्या वेळा २० अंश तापमानाच्या असतात. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, टाकीतलं पाणीच चटका देतं. द्रावण गरम असलं की धुणं वेगाने होतं. २० अंशांना १० मिनिटं लागत असतील, तर २४ अंशांना साधारण ७ मिनिटं पुरतात. पण पाच मिनिटांपेक्षा कमी वेळात धुणं सारखं होत नाही, पट्टे येतात. मग डी-७६ मध्ये तेवढंच पाणी मिसळून तो पातळ करतात, म्हणजे वेळ वाढतो. असा पातळ केलेला डेव्हलपर एकदाच वापरायचा.

थंडाव्यासाठी आपला माठ आहेच. कोरड्या हवेत माठातलं पाणी चांगलं गार होतं. पावसाळ्याच्या दमट हवेत तेवढं होत नाही. मोठ्या परातीत माठाचं पाणी घेऊन त्यात ट्रे ठेवावा, आणि थर्मामीटर लावूनच सुरुवात करावी. चारही ट्रेमधलं पाणी एकसारखं गार हवं. गार डेव्हलपरमधून थेट टाकीच्या गरम पाण्यात फिल्म गेली, तर थर सुकलेल्या तळ्यासारखा तडकतो, किंवा कडेने सुटायला लागतो. हा बिघाड दुरुस्त होत नाही.

थर घट्ट करणाऱ्या तयार हायपोत तुरटीचा क्षार असतो, हे खरं. पण घरची तुरटी नुसत्या हायपोत टाकू नका. गंधक सुटून द्रावण गढूळ होतं.

आता पाणी. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या बाईने फिल्म अर्धा तास नळाखाली धरायची का? गरज नाही. तुरटी नसलेला हायपो वापरला असेल, तर झाकणाच्या डब्यात फिल्म आणि स्वच्छ पाणी घेऊन पाच वेळा उलटसुलट करा आणि पाणी ओता. नवं पाणी घेऊन दहा वेळा, पुन्हा नवं घेऊन वीस वेळा. तीन डबे पाण्यात फिल्म स्वच्छ होते. ही रीत इल्फोर्ड या फिल्म बनवणाऱ्या कंपनीनेच दिलेली आहे. धुणं अपुरं राहिलं तर लगेच काही दिसत नाही, काही वर्षांनी चित्र पिवळट तपकिरी पडतं.

बोअरचं पाणी जड असेल तर वाळल्यावर फिल्मवर खडूसारखे थेंब उमटतात. शेवटची बुचकळी डिस्टिल्ड पाण्यात द्यावी, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात तेच. फिल्म एका कोपऱ्याने टांगावी, म्हणजे पाणी दुसऱ्या कोपऱ्याकडे निथळतं. पंखा लावू नये, धूळ चिकटते.

घर आणि लेकरं सांभाळून

डार्करूमचं एकही भांडं स्वयंपाकघरात परत जायचं नाही. ट्रे, चमचा, गाळणी, सगळं वेगळं. द्रावण थंडपेयाच्या बाटलीत कधीही भरू नका. तहानलेलं लेकरू रंग बघत नाही. बाटलीवर नाव आणि तारीख लिहा आणि ती कुलपात ठेवा. मेटॉलने काही जणींच्या हाताला खाज आणि पुरळ येतं, म्हणून हातमोजे आणि चिमटे हवेतच. हायपोच्या वासाने दम्याचा त्रास वाढू शकतो. दमा असलेल्या आणि गरोदर मैत्रिणींनी फोटो काढायचं काम घ्यावं, धुण्याचं दुसरीला द्यावं. खोलीत हवा खेळती हवी.

वापरलेल्या हायपोत चांदी असते. तो ओढ्यात, विहिरीजवळ किंवा झाडाच्या मुळाशी ओतू नका. कॅनमध्ये साठवा आणि जवळच्या एक्स-रे सेंटरमध्ये चौकशी करा. जुन्या एक्स-रे फिल्म आणि हायपो यांतून चांदी काढणारे लोक असतात.

शेवटचं सूत्र, नोंद

आपल्या पंचसूत्रीत पाचवं सूत्र नियमित लेखे. पैशाला लागू तेच फिल्मला लागू. प्रत्येक शीटला नंबर द्या आणि वहीत पाच रकाने आखा: तारीख, तापमान, मिनिटं, डेव्हलपर व हायपो कधी बनवला, आणि कडा कशा निघाल्या. दहा शीटनंतर वही स्वतःच सांगते की गडबड कुठे आहे.

आणि दोन गोष्टी एका वेळी बदलू नका. आज वेळ बदलला तर तापमान तेच ठेवा. दोन्ही बदललं, तर फिल्म कशामुळे सुधारली ते कधीच कळणार नाही.

फिल्म बिघडली की बैठकीत पहिला प्रश्न ‘कोणी धुतली?’ हा येतो. त्याऐवजी ‘कड कशी आहे?’ असं विचारायची सवय गटाला लावू या. कोणी धुतली या प्रश्नाने एक बाई गटातून जाते. कड बघितली की कळतं भोक भात्याला होतं, की बाटलीतला हायपो शिळा होता. ज्या मुलीला आम्ही गमावता गमावता राहिलो, तीच आज आमच्या गटाची डार्करूम सांभाळते आणि नव्या मुलींना सगळ्यात आधी पट्टीची चाचणी शिकवते.

तुमच्या गावात कुणाच्या माळ्यावर असा कॅमेरा असेल, तर तो भंगारात देण्याआधी एकदा भाता उघडून बघा.